पिक्कूला सांगून यायचं

पिक्कू आर्वोला पहिल्यांदा चावली ती मार्चमधल्या एका सोमवारी, दुपारच्या जेवणाच्या वेळी. तो जेवायला आला, त्याच्या खुर्चीत ती झोपली होती, आणि पंधरा वर्षं उचलतो तसं त्यानं तिला पोटाखाली हात घालून उचललं. तिनं त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले आणि मागच्या पायांनी मनगट ओरबाडून काढलं. आर्वो म्हणाला, "हं." मग भांडी पुसायचं फडकं हाताला गुंडाळून तो दुसऱ्या खुर्चीत बसला आणि सूप प्याला.

हे मला त्याच्या बायकोनं, लेम्पीनं सांगितलं. खुद्द आर्वो कांगासकडून कुणाला काही कळायची सोयच नव्हती. त्यानं रस्ते खात्यात एकतीस वर्षं बर्फ काढायचा ट्रक चालवला, एकट्यानं, आणि बोलायची वेळ आली की तो बहुतेक ट्रकमध्ये असायचा. निवृत्त झाल्यावर ट्रक गेला, सवय राहिली. लेम्पीचं नेमकं उलट. ती पीठ मळताना पिठाशी बोलते, जिना उतरताना गुडघ्यांशी बोलते, आणि कुणीच नसलं तर कोण कोण नाही ते मोजत बसते. मी त्यांच्या शेजारी चौतीस वर्षं राहते. दोघांचं मिळून बोलणं एका घराला पुरेल एवढं होतं, त्यामुळे कुणाची काही तक्रार नव्हती.

पिक्कू म्हणजे आमच्या आजोबांच्या फिनिश भाषेत छोटी. छोटीचं वजन चौदा पाउंड होतं.

बुधवारी ती आर्वोच्या पोटरीला चावली. तो नुसता तिच्या शेजारून न्हाणीघरात चालला होता. शुक्रवारी तो कोचाच्या पाठीवरून वाकून वर्तमानपत्र उचलायला गेला, तर तिनं त्याचा कान धरला. लेम्पीला मात्र तिनं नख लावलं नाही. लेम्पीच्या मांडीवर ती लोण्यासारखी पडून राहायची.

"तू तिला काय केलंस?" लेम्पीनं विचारलं.

"काही नाही."

"अरे, उगीच कुणी चावतं का? शेपटीवर पाय दिलास?"

"नाही."

"मांजरांना माणूस कळतो म्हणतात, आर्वो. मी काही म्हणत नाहीये. लोक म्हणतात."

आर्वोनं यावर विचार केला असावा. शनिवारपासून तो घरात बर्फावरच्या मासेमारीचे बूट घालून वावरू लागला. गुडघ्यापर्यंतचे, आतून लोकर असलेले. नाश्त्याला चामड्याचे हातमोजे. मी सकाळी साखर मागायला गेले तेव्हा तो तशाच हातांनी उकडलेलं अंडं सोलत होता. मी साखर घेऊन परत आले.

रविवारी अंगठा सुजून गाजरासारखा झाला, तेव्हा लेम्पी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या, एक इंजेक्शन टोचलं आणि सांगितलं, "मांजराचं चावणं वाईट असतं. या वयात असलं जनावर घरात ठेवू नका."

"दोघांपैकी कुठलं?" लेम्पीनं विचारलं.

चर्चमधल्या बायकांचंही तेच मत पडलं. कॉफी पिता पिता एकीनं सांगितलं की म्हाताऱ्या मांजरांचं डोकं फिरतं आणि मग एकच उपाय उरतो. तो उपाय काय ते तिनं सांगितलं नाही, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा मोडून नुसती मान हलवली. लेम्पी त्या दिवशी दुसरा कप न घेता घरी आली.

नंतरच्या गुरुवारी दुपारी मला त्यांच्या सॉनाच्या चिमणीतून धूर दिसला. अंगणाच्या टोकाला त्यांची ती वाफेची लाकडी खोली आहे, आमच्या सगळ्यांच्याच घरामागे असते तशी. पण सॉना तापवायचा तो शनिवारी. जुनी माणसं म्हणायची, गुरुवारी धूर दिसला तर समजावं, कुणी तरी आलं किंवा कुणी तरी गेलं. मी बूट चढवले आणि बर्फ तुडवत गेले.

बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत आर्वो बाकावर बसला होता. शेजारी घोंगडी, उशी, थर्मास, ट्रान्झिस्टर.

"इथं काय करतोयस?"

"राहतोय."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"लेम्पीशी भांडलास?"

त्यानं मान हलवली. भांडायलाही दोघांनी बोलावं लागतं, हे मला विचारल्यावर सुचलं. मग तो म्हणाला, "मांजराला त्रास होतो."

"तिला? चावते ती, आणि त्रास तिला?"

"मी दिसलो की होतो." त्यानं चुलीत एक लाकूड सारलं. "तिला ते घरच तेवढं माहीत आहे, इर्मा. मला बाहेरचं माहीत आहे."

चौतीस वर्षांत त्याचं एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं. मी तशीच घरी गेले आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन करून उद्याची वेळ घेतली.

गाडी मी चालवली. लेम्पीनं पिक्कूला पेटीत घातलं, तिच्याशी अखंड बोलत, आणि पिक्कू चर्चला निघाल्यासारखी आत जाऊन बसली. आर्वो बूट घालून मागच्या सीटवर.

डॉक्टर ट्रेलोअर तरुण मुलगी, अंगावरच्या कोटाला चार प्रकारचे केस. तिनं पिक्कूला टेबलावर ठेवलं, डोळ्यांत उजेड टाकला, मग कापसाचा एक बोळा घेऊन तिच्या नाकासमोरून खाली सोडला. पिक्कू ढिम्म. पुन्हा सोडला. पिक्कूचे डोळे मोठे, काळेभोर, दोन बटणांसारखे, आणि बोळा कुठे गेला याचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मग डॉक्टरनं तिच्या पायाला इवलासा पट्टा बांधून रक्तदाब मोजला. तीनदा मोजला.

"हिला दिसत नाही," डॉक्टर म्हणाली.

"काही तरीच!" लेम्पी म्हणाली. "वाटीकडे नाकासमोर चालत जाते ती. खिडकीत उडी मारून बसते. काल तर चिमण्या बघत होती."

"घर तिला पाठ आहे. खिडकीत बसून ती चिमण्या ऐकत असेल. रक्तदाब फार वाढलाय, म्हाताऱ्या मांजरांना होतं असं. किडनीचं दुखणं असेल, रक्त तपासून कळेल. पण त्या दाबानं डोळ्यांमागचा पडदा सुटलाय. एका दिवसात होऊ शकतं हे." तिनं आर्वोच्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं, मग कानाकडे. "तुम्हालाच चावते?"

आर्वोनं मान डोलावली.

"आणि तुम्हाला नाही?" तिनं लेम्पीला विचारलं.

"मला कशाला चावेल? मी तिचं सगळं करते. सकाळी उठल्यापासून मी तिला सांगत असते, आता दूध काढते, आता गादी झटकते, आता तुझ्या बापाचे मोजे—"

"म्हणजे तुम्ही घरात बोलता."

मी खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर काही नव्हतं, पण मी बघत राहिले.

"आणि तुम्ही?" डॉक्टरनं आर्वोला विचारलं.

त्यानं प्रश्न नीट घोळवला. "फारसं नाही," तो म्हणाला.

त्याच्या आवाजासरशी पिक्कूचे दोन्ही कान वळले. ती टेबलावरून मान पुढे काढून हवेत हुंगू लागली. आर्वोनं दुसऱ्या हाताचा हातमोजा काढला आणि तो हात पुढे करून अर्ध्यावर थांबवला.

"बोला," डॉक्टर म्हणाली. "बोला आणि मग हात लावा. तुमचा राग नाहीये तिला. अंधारातून अचानक कुणी तरी येऊन उचलतं, एवढंच तिला कळतं. वर तुम्ही लोकरीचे मोजे घालून चालत असाल."

"आता बूट आहेत," आर्वो म्हणाला.

"ते घरात अनोळखी माणूस शिरल्यासारखे वाजत असतील."

रोज गोळीचा चौथा भाग, खाण्यात कुस्करून. दृष्टी परत येईल अशी आशा धरू नका, पण दाब उतरला की तिला बरं वाटेल. आणि जवळ जाण्याआधी दर वेळी काही तरी बोलायचं.

"काय बोलायचं?" आर्वोनं विचारलं.

"काहीही."

"किती?"

"तिला तुम्ही कुठे आहात ते कळेपर्यंत."

परतताना गाडीत लेम्पी गावाच्या वेशीपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "दोन आठवडे ती आंधळी होती, आणि मी तिला म्हणत होते, बघ बाहेर किती छान ऊन पडलंय." आणि रडली.

आर्वो त्याच दिवशी सॉनातून घरी आला. दारात उभा राहून त्यानं घसा साफ केला. "आर्वो कांगास," तो म्हणाला. सरकारी कचेरीत सांगतात तसं. पिक्कूनं कान वळवले. "आत येतोय."

पहिला आठवडा असाच गेला. आर्वो, खुर्चीकडे. आर्वो, पाणी प्यायला. आर्वो, पुन्हा आर्वोच. पिक्कू एकदाही चावली नाही. दुसऱ्या आठवड्यात स्वतःबद्दल सांगण्यासारखं संपलं, तेव्हा त्यानं तिला जुना रस्ता सांगायला घेतला. कुठून निघायचं, कुठल्या वळणावर वाऱ्यानं बर्फ साचतो, कोणत्या घरी पहाटे चार वाजता दिवा लागलेला असायचा. पिक्कू त्याच्या मांडीवर येऊन बसली. ती बसली म्हणून तो थांबला नाही. थांबलं तर चावेल की काय, याची त्याला खात्री नव्हती.

एप्रिलमध्ये एका सकाळी लेम्पी माझ्याकडे आली आणि कॉफीचा अर्धा कप होईस्तोवर बोलली नाही. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"माझं ऑपरेशन झालं होतं ना, मोठ्या वादळाच्या वर्षी," ती म्हणाली. "तेव्हा हा आला नव्हता. मी सगळ्या गावाला सांगितलं, माझं पोट फाडत होते तेव्हा माझा नवरा रस्ते झाडत होता."

"मलाही सांगितलंस. पुष्कळदा."

"तो हॉस्पिटलच्या आवारात होता. ट्रक घेऊन. सकाळपासून दुपारपर्यंत. डॉक्टरांच्या गाड्या अडकू नयेत म्हणून तेवढाच रस्ता अकरा वेळा साफ केला त्यानं. साहेबानं नंतर मेमो दिला. हे तो आत्ता मांजराला सांगत होता."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. मी म्हटलं, मी बोलले तर हा थांबेल."

आणि तेव्हापासून लेम्पी घरात गप्प राहू लागली. तो बैठकीत पिक्कूला सांगायचा आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड फडकं हातात घेऊन ऐकायची. नीट ऐकू यावं म्हणून चपलाही काढून ठेवायची. पाच दिवस हे ठीक चाललं. सहाव्या दिवशी पिक्कू आर्वोच्या मांडीवरून उतरून वाटीकडे निघाली, वाटेत दारात तिच्या मिशांना काही तरी लागलं जे रोज तिथं नसायचं, आणि तिनं लेम्पीचा घोटा चांगला दोन दातांनी फोडला.

लेम्पीची किंकाळी माझ्या घरात ऐकू आली. मी पोचले तेव्हा ती बादलीत पाय घालून बसली होती आणि आर्वो साबण धरून उभा होता.

"बोलत जा," तो तिला सांगत होता.

मग तोच तिला दवाखान्यात घेऊन गेला, आणि मी मांजरापाशी थांबले. डॉक्टरनं मागच्या वेळचंच सगळं पुन्हा सांगितलं, आणि लेम्पीनं त्याला पिक्कूचं दुखणं, रक्तदाब आणि सुटलेला पडदा असं सगळं ऐकवलं, पाऊण तास.

पिक्कू आता सतरा वर्षांची आहे. वजन नऊ पाउंड. दृष्टी परत आली नाही. खिडकीत उडी मारता येत नाही म्हणून आर्वोनं तिला तीन पायऱ्यांची शिडी करून दिलीय आणि प्रत्येक पायरीला जुना गालिचा ठोकलाय. लेम्पी पुन्हा बोलते, पण मधेमधे थांबते. ते थांबणं तिला अजून नीट जमत नाही. वाक्य अर्धवट टाकून ती आर्वोकडे बघते आणि तो बिचारा दचकतो.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात लेम्पीला बटाटे सोलू लागत होते. आर्वो बैठकीत पिक्कूला सांगत होता की एका डिसेंबरात इर्माच्या फाटकापाशी त्याचा अंदाज चुकला आणि तिची टपालपेटी ट्रकच्या पात्यानं खांबासकट उचलून नेली. पेटी त्यानं पुढच्या पुलावरून ओढ्यात टाकली. इर्मानं पोलिसांना फोन केला, तेव्हा सगळे म्हणाले, उनाड पोरांचं काम.

मी पोस्टात सव्वीस वर्षं काम केलेली बाई आहे. मी सुरी खाली ठेवली.

"आर्वो," मी म्हटलं, "मला इथं ऐकू येतंय."

पिक्कूची घरघर तेवढी चालू होती.

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच सांगतोय."