फळीवाल्यांची जीभ

गल्लीच्या टोकाला, खडकाच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा होता. त्याच्यापुढे बांध, आणि बांधाच्या तोंडाला लाकडी फळ्या. समुद्र हाकेच्या अंतरावर. फळ्या लावून तळं काठोकाठ भरलेलं ठेवलं की त्या पाण्याच्या भाराने खडकाखालचा समुद्र मागे राहायचा. फळ्या काढल्या की झरा जोरात वाहायचा खरा, पण मागोमाग खारं पाणीही वर चढायचं. या फळ्या जन्मभर एकाच माणसाने सांभाळल्या. गल्ली त्यांना फळीवालेच म्हणे. रोज सकाळी ते ओंजळभर पाणी तोंडात घोळवायचे आणि खारटपणाची नुसती शंका आली तरी एक फळी वाढवायचे.

मग म्हाताऱ्याने अंथरूण धरलं आणि फळ्या जावयाच्या ताब्यात गेल्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय! जावयाचा बर्फाचा कारखाना होता. बर्फ जायचा मासळीवर, आणि मेलेली मासळी पाण्याच्या चवीबद्दल तक्रार करत नाही. त्याने दोन फळ्या उपसल्या.

थोड्याच दिवसांत म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला.

"पाणी खारट लागतंय. फळ्या कुणी काढल्या?"

"कुणी नाही, बाबा," लेक म्हणाली. "आजारपणाने तुमच्या तोंडाची चव गेलीय."

"जीभ माझी आहे. मला कळतं."

जावयाचं दोन फळ्यांवर भागणार नव्हतं. त्याला बांधच फोडून मोठा पाइप टाकायचा होता. गल्ली अडून बसली होती. झरा सगळ्यांचा, फळीवाले पाणी चाखून हो म्हणाले तरच बांधाला हात लावायचा.

स्वयंपाकघरात त्याने बायकोला सांगितलं, "त्यांच्या चहात मीठ टाक. आणि त्यांच्यासमोर त्याच कपातून तू पी."

"अहो, बाप आहे माझा."

"मग बस बापाला कुरवाळत. मी कारखान्याला कुलूप लावतो."

नवरा सांगेल ती पूर्व दिशा. तिने मीठ टाकलं. म्हाताऱ्याने पहिलाच घोट थुंकला. तिने त्याच्या हातातून कप घेतला, अर्धा चहा प्यायली, चेहऱ्यावर एक आठी नाही.

"गोड तर आहे, बाबा."

दुसऱ्या दिवशी दुधात, मग फळांच्या रसात. म्हातारा आधी भांडला, मग रडला, मग गप्प झाला. जिच्या जोरावर आयुष्यभर समुद्र अडवला, ती जीभ बिनकामाची झाली हे त्याला मनापासून पटलं. लेकीवर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. बापच तो.

ठरल्या दिवशी गल्ली त्याच्या खोलीत जमली. सगळ्यांत पुढे बेकरीवाली. पाणी बिघडलंय म्हणून तिने कधीपासून गल्ली डोक्यावर घेतली होती, आणि लोक तिला हसत होते.

"काका, मला तरी खारट लागतंय," तिने पेला पुढे केला. "पण तुम्ही म्हणाल ते खरं."

म्हाताऱ्याने घोट घेतला. खारट. चांगलं खारट! क्षणभर त्याचे डोळे चमकले. मग त्याला दूध आठवलं, रस आठवला. ज्या तोंडाला दूध खारट लागतं, त्या तोंडाने पाण्याचा न्याय करायचा? आपल्या सडक्या जिभेपायी लेकीचा संसार उघड्यावर पडायचा. आणि एवढ्या माणसांत 'मला आता चव कळत नाही' म्हणायची त्याला भयंकर लाज वाटली. त्याने लेकीकडे पाहिलं. ती हसली.

"गोड आहे," तो म्हणाला. "फोडा बांध."

बेकरीवालीने कपाळाला हात लावला. "मग माझंच तोंड बिघडलंय म्हणायचं."

बांध फुटला, तळं रिकामं झालं, कारखाना दिवसरात्र धडधडू लागला. वर्ष उलटायच्या आत झऱ्याचं पाणी फक्त गुळण्या करायच्या लायकीचं उरलं. जावयाला कुणी काही बोललं नाही. त्याने सगळ्यांना विचारूनच तर केलं होतं. शिव्या पडल्या त्या म्हाताऱ्याला. बेकरीवाली भट्टी विझवून निघून गेली, पण जाताना मुद्दाम त्याच्या खिडकीशी थांबली.

"जावयासाठी गल्ली विकलीत, काका," ती म्हणाली आणि थुंकली.

म्हाताऱ्याने लेकीला हाक मारली.

"त्या दिवशी पाणी खारटच होतं का गं? खरं सांग."

ती उशीचा अभ्रा बदलत होती. तिने मान वर केली नाही.

"मला काय ठाऊक, बाबा? गोड आहे असं तुम्हीच तर म्हणालात."