सांबाराचा वाफा

हर्षलला, कमलाबाईंच्या मुलाला, मुलगी झाली, त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. कमलाबाईंनी अंगणातच नवऱ्याचा हात धरला आणि बोटं हुंगली.

"सांबार खाल्ला तुमी."

"वाफ्यात पाणी टाकून राहिलो होतो. वास तं येणारच."

"तोंड उघडा."

शेजारच्या गच्चीवर तेजरामची बायको कपडे वाळत घालत होती. तिच्यादेखत श्यामरावांनी तोंड उघडून दाखवलं. स्टील प्लांटमध्ये फोरमन होते तेव्हा त्यांच्यापुढे कोणी आवाज चढवत नसे.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. रुआबांध्यातल्या घरामागे श्यामरावांचा सांबाराचा वाफा होता. धने चपलेखाली रगडून दोन फाका करायचे आणि हातानं पेरायचे. हिवाळ्यात त्याच्या वड्या व्हायच्या. आता दोन्ही किडन्या गेल्या होत्या, डायलिसिस सुरू होतं. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडेल, हिरवा पाला बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खात नाही, पण पेरायला तरी दे, म्हणून श्यामरावांनी बायकोकडे वाफा मागून घेतला होता. तेव्हापासून कमलाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्यावर नजर ठेवून असत.

त्या आठवड्यात पोटॅशियम वाढलेलं निघालं. घरी काय खाऊ घालता, म्हणून डॉक्टर कमलाबाईंवर रागावले. घरी ऑटोतून उतरल्या त्या सरळ मागे गेल्या आणि वाफा मुळासकट उपटू लागल्या. श्यामराव डायलिसिसच्या सुईवर पट्टी बांधलेला हात धरून उभे होते. सगळं उपटून झाल्यावर श्यामरावांनी जुड्या गोळा केल्या, माती झटकली आणि तेजरामच्या बायकोला नेऊन दिल्या. मग घरात आले आणि त्यांनी बोलणं टाकलं. ताटात पडेल ते खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

पुढच्या तपासणीत पोटॅशियम आणखी वाढलं.

आता तर वाफाही नव्हता. डॉक्टर एकेक गोष्ट विचारू लागले. दूध? फळं? डाळ? मग म्हणाले, "और नमक?"

कमलाबाईंनी जरा कौतुकानंच सांगितलं. सूनबाईनं, गीतांजलीनं, बीपीसाठी रायपूरहून कमी सोडियमचं मीठ पाठवलंय. मला साधं, यांच्याच जेवणात मी ते घालते, न चुकता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियमच घातलेलं असतं, ते म्हणाले. आजपासून बंद.

श्यामराव मशीनला जोडलेले होते. कमलाबाई स्टुलावर बसल्या. न सांगताही चाललं असतं. मीठ बदललं की झालं. पण त्यांनी सगळं सांगितलं, खाली बघत.

श्यामरावांनी नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी बोलले.

"म्हंजे सांबार फुकटच फासावर गेला."

कमलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"सुनेले सांगजो नको," ते म्हणाले. "लेकरू अंगावर पिते तिच्या. जीवाले लावून घेईन."

घरी आल्यावर वाफा पुन्हा पेरला. या खेपेला धने कमलाबाईंनी रगडले.

संक्रांतीला गीतांजली बाळाला घेऊन आली. तिच्यासाठी सांबारवड्या तळल्या होत्या. सारणाचा सांबार श्यामरावांनी स्वतः खुडून दिला होता. त्यांच्या ताटात नुसता वरणभात होता. गीतांजली त्यांना वाढायला उठली आणि फळीवर आपण पाठवलेल्या मिठाचं पाकीट शोधू लागली. ते दिसेना.

"आई, पापांचं नमक कुठे आहे?"

कमलाबाईंचा झारा कढईवर थांबला. नवऱ्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

"मीच बंद करवलं," श्यामराव म्हणाले. "चव नाही त्याले."

गीतांजलीचा चेहरा उतरला. मी दुकानं पालथी घालून आणलं, ती म्हणाली. आणि मग रागावली. "पापा, आप बच्चे हो क्या? आई एवढं करतात, आणि तुम्ही जिभेसाठी जीव देणार?"

कमलाबाई काही बोलू गेल्या. श्यामरावांनी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली.

"चुकलं, बेटा," ते म्हणाले. "आता नाही करत."

गीतांजलीनं त्यांना आणखी सुनावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि वरणभात कालवला.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामराव वारले. मिठाची गोष्ट कमलाबाईंनी गीतांजलीला कधीच सांगितली नाही.