अल खोरच्या गलबताचा वास

मित्रांनो, मी एक जुनं गलबत आहे आणि आज माझ्या पोटात बर्फ, लिंबाच्या फोडी आणि कुठूनतरी गोठवून आणलेली कोळंबी भरली आहे. शी! ज्या पोटातून कतारमधल्या अल खोरच्या धक्क्यावर फडफडता हामूर मासा उतरायचा, त्यात हा बेचव ऐवज!

माझं अंग मलबारच्या सागवानाचं. बांधलं मात्र मला इथेच, या उथळ खाडीच्या काठी. माझा मालक नाखवा खल्फान; त्याचे वडील मोत्यांसाठी बुड्या मारायचे. खल्फान माझ्यावर मासेमारी करायचा. दर उन्हाळ्यात तो मला मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, कलेजीचं तेल चोळायचा. वास विचारू नका! "आधी अंघोळ, मगच घरात पाय!" असं त्याची बायको दारातूनच ओरडायची. पण त्या तेलानेच माझ्या फळ्या खाऱ्या पाण्यात टिकल्या. गावात सगळे म्हणायचे, गलबत असावं तर खल्फानच्या गलबतासारखं.

मग उत्तरेला गॅसचे कारखाने आले. खल्फानचा मुलगा मुबारक तिकडे साहेब झाला आणि मी तिवरांच्या चिखलात पडून राहिलो. बगळे माझ्यावर बसून घाण करायचे. शेवटी मुबारकने मला एका हॉटेलला विकलं. त्यांनी माझी मागची बाजू करवतीने कापून माझं जेवण मांडायचं टेबल केलं, अंगावर चकचकीत रोगण फासलं, गुलाबाचं अत्तर शिंपडलं आणि वर पाटी लावली, 'आमचा वारसा'. किळस येते मला त्या पाटीची!

आज मुबारकच्या मुलाचं, म्हणजे खल्फानच्या नातवाचं, लग्न याच हॉटेलात होतं. बर्फापासून दूर, माझ्या दुसऱ्या टोकाला, कबाब गरम राहावेत म्हणून मोठे दिवे लावले होते. त्या धगीने रोगण तडकलं आणि लाकडात मुरलेलं जुनं तेल पाझरू लागलं.

"शी! काय मेलंय इथे?" नवरीचे वडील सुलतान डोक्यावरच्या रुमालाचं टोक नाकाला लावून म्हणाले.

मॅनेजर धावत आला. "माफ करा साहेब. हे धूड सकाळीच कचऱ्यात जाईल."

तेवढ्यात खल्फान उठला. काठी टेकत माझ्यापाशी आला, फळीवर तळहात ठेवून त्याने तो हुंगला. त्याचे डोळे भरून आले. "अरे गड्या, तू इथे?" तो पुटपुटला. मला वाटलं, सुटलो! याच्या अंगणात माझ्यासारखी चार गलबतं मावतील. 'हे माझं आहे, घरी नेतो,' एवढं म्हणायचं होतं त्याने.

मुबारकने त्याचा दंड धरला. "बाबा, बसा ना खाली. व्याह्यांसमोर शोभा नको."

"काय हो अबू मुबारक, ओळखीचा वास वाटतं?" सुलतान खल्फानकडे बघून हसले. आमच्याकडे बापाला अशी मुलाच्या नावाने हाक मारतात.

खल्फानने माझ्याकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे. त्याने हात रुमालाला पुसला.

"छे हो," तो म्हणाला, "फारच घाण आहे." आणि जाऊन बसला.

मित्रांनो, सकाळी ट्रक येईल. चिखलाची, बगळ्यांची, त्या पाटीचीसुद्धा आली नव्हती एवढी किळस मला त्या पुसलेल्या हाताची आली. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूला उद्या कुणी नाक मुरडलं, तर तिला जपणं पुढचं. ती आपली आहे, एवढं तरी चारचौघांत म्हणा.