व्याह्यांसाठी चूल

माणसाने आयुष्यात एक तरी वास्तू स्वतःच्या हाताने उभी करावी, त्याशिवाय जन्माचं सार्थक होत नाही. हे हिलाल बोरसे यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांना मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून मिळालं होतं. त्यात एक गोरा माणूस घरामागे पिझ्झ्याची भट्टी बांधत होता. बोरसेंना पिझ्झा नको होता. त्यांना चूल हवी होती, आणि तीही व्याह्यांपायी.

झालं होतं असं की, मुलीच्या, नूतनच्या लग्नात केटररने मांडे सकाळीच करून ठेवले आणि ते सुरतेजवळच्या कामरेजच्या व्याह्यांच्या, हेमराज पाटलांच्या, पानात पडेपर्यंत थंडगार झाले. खानदेशी माणूस मानपानातली टोपी विसरेल, गार मांडा विसरणार नाही. तेव्हापासून पाटील ज्या पंगतीला बसत, तिथे शेजारच्याला सांगत, "आम्हना याहीना मांडा, पापडनामायक मोडना."

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नूतन माहेरी यायची होती आणि तिला सोडायला पाटील जातीने येणार होते. त्यांच्या ताटात खापरावरून उतरलेला, वाफाळता मांडा पडला नाही, तर बोरसेंना सुरतेत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. आणि मातीचं उपडं खापर तापायचं तर खाली लाकडाचा जाळ हवा. गॅसच्या शेगडीवर त्याची मधली टाळू तेवढी तापते, हे मालतीबाईंनी नवऱ्याला बऱ्याचदा सांगून पाहिलं होतं.

पाटील बांधकामाचे ठेकेदार. "कडिया पाठाडू का?" याही काहीतरी बांधायला काढतायत हे कळताच त्यांनी फोनवर विचारलं. बोरसे नको म्हणाले. नवागामच्या लूम कारखान्यात हयातभर यंत्रांची मास्तरकी केलेल्या माणसाला चार विटा रचायला गवंडी लागतो, हे व्याह्यांना कळून चालणार नव्हतं.

बोरसेंच्या भेस्तानच्या रो-हाउसपुढे, गल्लीला लागून ओटा होता. त्यावर चूल उभी राहिली. आतून मालतीबाईंनी माती थापली. विटा काळ्या पडतील म्हणून बोरसेंनी बाहेरून पांढऱ्या टाइल्स लावल्या. शेजारच्या जशुबेनच्या वाळत्या कपड्यांवर धूर जाईल म्हणून पत्र्याचं धुराडं काढलं, आणि पावसाची सोय म्हणून त्यावर टोकदार टोपी बसवली. वारा कुठून येतो ते कळावं म्हणून टोपीच्या टोकाला कापडाची पट्टी बांधली. कारखान्यातून आणलेल्या नापास साडीची ती पट्टी केशरी होती, याला बोरसेंचा इलाज नव्हता.

मग जाणारे-येणारे पांढऱ्या टाइल्सवर तंबाखूचा मावा थुंकू लागले. त्यावर सुरतेत एकच औषध आहे आणि ते कुठल्याही जिन्याच्या कोपऱ्यात पाहायला मिळतं. बोरसेंनी गल्लीकडच्या बाजूला गणपती, अंबामाता आणि साईबाबा अशा तीन टाइल्स चिकटवल्या. थुंकणं थांबलं. थुंकणारेही थांबू लागले, हात जोडून.

नवी चूल पुजल्याशिवाय पेटवू नये, म्हणून मालतीबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीच्या तोंडात दिवा तेवत होता आणि पुढे नारळ होता.

"हिलालभाई, आरती केटला वाग्ये?" जशुबेनने कुंपणावरून विचारलं.

"कसली आरती?"

"तमे जे टाइम राखो ते," असं म्हणून त्या भाजी घ्यायला गेल्या.

मालतीबाई घरात वाटच पाहत होत्या. "सरळ सांगी द्या ना, चूल शे म्हनीसन."

"कसं सांगू? जशुबेननी कंबर दुखानी थांबनी. तिले सांगू, तू चूलना पाया पडनी?"

"मंग याहीले काय कंबर खावाडशात?"

यावरचं उत्तर आखाजीपर्यंत सुचेल असं बोरसेंना वाटलं. आखाजी आली, उत्तर आलं नाही.

पाटील गाडीतून उतरले ते चपला काढूनच ओट्याकडे आले. चुलीला कपाळ टेकवून त्यांनी धुराड्याची रेघ एका डोळ्याने तपासली. "याही, मंदिर ओळंब्यात शे," ते म्हणाले. "मांडा कोठे करतंस?"

गल्लीतली पाच-सहा माणसं दर्शनाला उभी होती. आत पुरण तयार होतं, कणीक तिंबलेली होती. बोरसेंनी एकदा व्याह्यांकडे पाहिलं, एकदा जशुबेनच्या कमरेकडे.

"आज हवन शे," ते म्हणाले. "हवनवरच करतंस."

बातमी गल्लीभर फिरली. कुणी तूप आणलं, कुणी समिधा म्हणून जुन्या पलंगाचे पाय आणले. जाळ झाला, खापर तापलं. मालतीबाईंनी पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवला आणि खापरावर टाकला, तेव्हा गल्ली टाचा उंचावून पाहू लागली. असा प्रसाद कुणी पाहिला नव्हता. रुमालासारखा दुमडलेला पहिला मांडा ताटात घेऊन बोरसे व्याह्यांकडे निघाले.

"पहेला माताजीने," जशुबेन म्हणाल्या आणि त्यांनी ताट घेऊन अंबामातेच्या टाइलपुढे ठेवलं.

दुसरा मांडा पंगतीत वाटावा तसा तुकड्यातुकड्यांनी गेला. तिसराही. रांग वळून पुढच्या गल्लीत गेली होती आणि पाटील तिच्या शेवटी होते.

"याही, पुढे या ना," बोरसे घामाघूम होऊन त्यांना ओढू लागले. "तुम्हनासाठीच शे हाई सगळं."

"प्रसादनी रांग मोडू नई," पाटील म्हणाले. पुढच्या माणसाला ते सांगत होते, "आम्हना याहीनी सोताना हातखाल बांधं." गेल्या वर्षभरात व्याह्यांबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बरं वाक्य होतं. बोरसेंना ते धड ऐकताही आलं नाही, कारण मालतीबाईंनी हात झटकले होते. पुरण संपलं होतं.

पाटलांच्या ओंजळीत खोबरं आणि साखर पडली. ती त्यांनी कपाळाला लावून खाल्ली.

दुपारी ते आमरसाबरोबर पोळ्या जेवले. पोळ्या सकाळच्या होत्या.