पुढच्या दारानं

मुरुडच्या बंगल्यांत नीराबाई कोळीण वीस वर्षं मासळी देत होती, पण बंगल्यांच्या रस्त्यानं ती कधी चालली नव्हती. तिची वाट मागच्या बोळातून, विहिरींच्या कडेनं.

पंचावन्न सालच्या तुफानात तिचा नवरा तुळशीराम होडीसकट दोन दिवस बेपत्ता झाला. बंगल्यांतल्याच एका गिऱ्हाइकानं, नजमुद्दीनशेठनी, आपली लाँच पाठवली आणि तो जिता परत आला. अंथरुणातूनच तो म्हणाला, "आभार मानायला मागल्या दारानं जायचं न्हाय. पुढनं जा."

ठेवणीतलं लुगडं नेसून, पाटीत ताज्या सरंग्यांची जोडी घेऊन नीराबाई निघाली. रस्त्यावर येताच गोंधळली. दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांचे सज्जे, रंगीत काचांच्या खिडक्या, दगडी कमानी. मागून शेठचं घर म्हणजे शेवग्याचं झाड आणि निसरड्या पायऱ्या. पुढून सगळी घरं सारखीच. बोळातल्या हिशेबानं तिनं पाचवं फाटक उघडलं.

ओटीवर एक अनोळखी म्हातारा बसला होता. शेठचे वडील असतील असं समजून तिनं एका दमात सगळं सांगितलं. "तुमची लाँच गेली म्हणून माझं कुंकू राहिलं," म्हणाली आणि तिला रडू आलं.

म्हाताऱ्यानं तिला खुर्चीवर बसवलं. "बाय, शेठचं घर पलीकडचं. मी मुश्ताक."

ओशाळून ती पाटी उचलू लागली, तोच त्याची लेक फिरोजा बाहेर आली. अब्बा स्वतःहून सांगायचे नाहीत, म्हणाली. दोन दिवस ते वरच्या सज्ज्यात दुर्बीण घेऊन बसले होते. मोडलेली डोलकाठी त्यांनाच दिसली, आणि अनवाणी धावत जाऊन त्यांनीच शेठना उठवलं.

नीराबाईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती वाकून त्याच्या पाया पडू लागली, तर तो मागे सरला आणि तुळशीराम जेवतो का, एवढंच विचारत राहिला. तिनं एक सरंगा फिरोजाच्या हातात ठेवला. नको म्हणायची सोय तिनं ठेवली नाही.

शेठचं घर दाखवायला मुश्ताकमियां स्वतः निघाले. रस्त्याच्या मधून, त्यांच्या बरोबरीनं ती चालत गेली. शेठच्या बायकोनं, जहुराबीबीनं, आधी तिला ओळखलंच नाही. मग हाताला धरून दिवाणखान्यात नेलं आणि चहा पाजला.

बरा झाल्यावर तुळशीराम पहिल्यांदा बाहेर पडला, तो मुश्ताकमियांकडे. दुर्बिणीतून समुद्र कसा दिसतो, ते त्याला बघायचं होतं. दोघं दुपारभर सज्ज्यात बसले.