तुम्ही मागे बसा

विश्वनाथ तुळपुळ्यांनी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आयुष्यातली पहिली मोटार घेतली, ती जपानमध्ये, आणि घेतली तेव्हा त्यांच्याजवळ ती चालवायचा परवाना नव्हता. कावासाकी शहरातल्या संशोधन संस्थेत वीस वर्षं धातूंवर काम केलेला, एकेक प्रयोग दहादा तपासणारा हा गृहस्थ एवढी साधी पायरी कशी चुकला, असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असे. "लायसन्स काय, मिळेलच. फोर्ड परत मिळायची नाही."

हे मात्र खरं होतं. २०१६च्या जानेवारीत फोर्ड कंपनीने जपानमधून गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. संस्थेतला एक अमेरिकन सहकारी त्याच वर्षी मायदेशी निघाला होता, त्याची निळी एक्स्प्लोरर विश्वनाथरावांनी घेऊन टाकली. गाडी ठणठणीत होती, फक्त स्टिअरिंग डावीकडे. जपानात गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डावीकडून चालतात आणि चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे पार्किंगच्या यंत्रातून तिकीट घ्यायचं तर चालकाला शेजारच्या सीटवर आडवं व्हावं लागे. शिवाय इथे गाडी ठेवायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला मिळाल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. टोकियोशेजारच्या उरायासु गावातल्या त्यांच्या इमारतीतली जागा पाच मीटर लांब होती. विश्वनाथरावांनी टेपने गाडी मोजली, तर सात सेंटिमीटर उरत होते. "भरपूर आहेत," ते म्हणाले.

मग सुरू झाला इतिहास. कंपनी १९०३ साली निघाली इथपासून तो सुरू होई. १९२३च्या भूकंपात टोकियोच्या ट्राम बंद पडल्या, तेव्हा शहराने फोर्डच्या शेकडो गाड्या मागवून त्यांच्या बसेस केल्या आणि पुढे दोन वर्षांत फोर्डने योकोहामाला कारखानाच काढला, इथे जेवण संपत येई. त्यांची चौदा वर्षांची मुलगी चैत्राली या घरात जन्मलेली आणि जपानी शाळेत वाढलेली. बाबांनी योकोहामा म्हटलं की ती "माता?" म्हणजे "पुन्हा?" एवढंच विचारी आणि ताट उचलून आत जाई.

पण फोर्डच का, हे विश्वनाथराव कोणालाच सांगत नसत. ते बायकोला, पद्मिनीला, न सांगताही ठाऊक होतं. त्याचं मूळ मिरजेत होतं.

पद्मिनीचे वडील डॉक्टर लक्ष्मीकांत मिरजेला प्रॅक्टिस करत. त्यांच्या दारात जुनी काळी फोर्ड प्रीफेक्ट उभी असे. १९९४च्या दिवाळसणाला नवे जावई विश्वनाथराव तिथे गेले, तेव्हा सगळी मंडळी त्या गाडीतून नरसोबाच्या वाडीला निघाली. जावयांनी मोठ्या उत्साहाने विचारलं, "मी चालवू का? पुण्याचं लायसन्स आहे माझ्याकडे." सासरे हसले, चाव्या मोहन कंपाउंडरच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "तुम्ही मागे बसा, माझ्याशेजारी." पुढच्या दिवाळीला तेच, आणि त्याच्या पुढच्यालाही तेच. ज्याला जपानने क्रेन आणि पुलांच्या पोलादाची जबाबदारी दिली, त्याच्या हाती सासऱ्यांनी कधी एक गाडी दिली नाही. पुढे गाडी गेली, सहा वर्षांपूर्वी डॉक्टरही गेले, पण ते तीन शब्द विश्वनाथरावांच्या मनातून काही गेले नाहीत.

आणि आता सासूबाई, प्रभावतीबाई, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच जपानला यायच्या होत्या. २०१७च्या मार्चमधल्या शेवटच्या शनिवारी, नारिता विमानतळावर. विश्वनाथरावांनी फोनवर जाहीर करून टाकलं, "आई, तुम्हाला घ्यायला मी येतो. स्वतः, फोर्ड घेऊन."

"फोर्ड?" प्रभावतीबाई तिकडून एवढंच म्हणाल्या. विश्वनाथरावांना वाटलं, दिपल्या असाव्यात.

तोवर ते पाचदा नापास झाले होते.

भारतीय परवान्यावर जपानी परवाना काढायचा तर लेखी परीक्षा आणि मग लायसन्स सेंटरच्या आवारातल्या रस्त्यांवर प्रत्यक्ष गाडी चालवायची परीक्षा. लेखीत विश्वनाथरावांना पैकीच्या पैकी. प्रत्यक्ष परीक्षेत शेजारी परीक्षक बसे, हातात पाटी, चेहऱ्यावर रेघ नाही. जपानी पद्धत अशी की डावीकडे वळताना मान पूर्ण डावीकडे, पार मागच्या खिडकीपर्यंत वळवून बघायचं, मागून सायकल तर येत नाही ना म्हणून. विश्वनाथराव डोळ्यांनी बघत. परीक्षकाला डोळे दिसत नाहीत, मान दिसते. "झान्नेन देसु ने," म्हणजे वाईट वाटतं हो, असं म्हणून तो दरवेळी कागद परत देई.

"अहो, जरा मान फिरवली तर काय बिघडतं?" पद्मिनी म्हणे.

"आरशात सायकल दिसत असताना मान फिरवणं म्हणजे नाटक. मी शास्त्रज्ञ आहे."

"बरं. मग शास्त्रज्ञ बसने जातील."

पद्मिनीला हे बोलायचा अधिकार होता, कारण तिचं लायसन्स २०१२चं होतं. आदल्या वर्षीच्या भूकंपात उरायासुची जमीन चिखलासारखी पातळ झाली, रस्ते खचले, मॅनहोल वर आले आणि नळाचं पाणी कित्येक दिवस बंद राहिलं. विश्वनाथराव त्या दिवशी कावासाकीत अडकले होते. ते दुसऱ्या दिवशी दुपारी पायी चालत घरी पोहोचले, तर पद्मिनी सायकलच्या पुढे पाण्याचे कॅन आणि मागे आठ वर्षांची चैत्राली घेऊन खचलेल्या फुटपाथवरून येत होती. काही महिन्यांनी तिने कोणालाही न विचारता परीक्षेला नाव घातलं आणि दुसऱ्या खेपेला पास झाली. या गोष्टीचा विश्वनाथरावांना अभिमान होता, आणि थोडी लाजही वाटे. त्या दिवशी ते घरी नव्हते, हे त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नव्हतं. फोर्ड घेण्यामागे तेही असावं, पण तेही ते बोलत नसत.

सहावी परीक्षा सासूबाई येण्याच्या दोन दिवस आधी होती. त्यांनी मान वळवली, अगदी वळवली. पण मानेच्या नादात वळण लवकर घेतलं आणि मागचं चाक कडेच्या दगडावर चढलं. झान्नेन.

शनिवारी नारिताला फोर्ड निघाली, स्टिअरिंगवर पद्मिनी. विश्वनाथराव सवयीने उजवीकडच्या पुढच्या दाराशी गेले, तिथे स्टिअरिंग नाही हे पाहून थबकले आणि मुकाट्याने जाऊन मागे बसले. परत येताना सासूबाईंना पुढे बसवायचं, हे सांगायची गरज नव्हती. शेजारी चैत्राली कानात इयरफोन घालून बसली होती. त्यांना तिचा फार हेवा वाटला.

विमानतळाबाहेर प्रभावतीबाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. बॉनेटवर हात ठेवला. मग पुढे उजवीकडे बसल्या, आणि समोर स्टिअरिंग नाही हे बघून त्यांनी जावयाकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच ते काढून लपवलंय.

गाडी हमरस्त्याला लागली. शेवटी विश्वनाथरावांनाच राहवेना.

"आई, मी चालवणार होतो. पण मी नापास झालो. सहा वेळा."

"सहा वेळा?"

"मान वळवत नाही म्हणून."

प्रभावतीबाई खदखदून हसल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "असू द्या हो. तुमचे सासरे तर परीक्षेलाच बसले नाहीत कधी."

विश्वनाथरावांना आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. "कसली परीक्षा?"

"लायसन्सची. यांना गाडी येतच नव्हती. ती फोर्ड माझी होती, माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली. एकदा चालवायला बसले, तर सरळ विहिरीच्या कठड्याला जाऊन टेकले आणि उतरले ते पुन्हा हात लावला नाही. खेडेगावात व्हिजिटला जायचं असलं की मी चालवायची, हे मागे बॅग मांडीवर घेऊन बसायचे. तीस वर्षं."

"आणि मोहन कंपाउंडर?"

"तो फक्त पाहुण्यांपुरता. माझ्या सासूबाईंना आवडायचं नाही, व्याह्यांपुढे सुनेने गाडी हाकलेली. म्हणून तुम्ही लोक आलात की मोहन."

विश्वनाथरावांनी पुढे पद्मिनीकडे बघितलं. तिचे फक्त कान दिसत होते, पण ते लाल झाले होते. "तुला माहीत होतं?"

"बाबांनी शपथ घातली होती," पद्मिनी म्हणाली. "जावयांना सांगू नकोस म्हणून. आणि तुम्ही इतक्या जोरात योकोहामाचा कारखाना सांगत असायचात, मध्ये कुठे तोंड घालू?"

"म्हणजे बाबांनी मला गाडी दिली नाही ते—"

"ते देत होते हो," प्रभावतीबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवाळीला म्हणाले, पोरगा हौशी दिसतो, देऊ या. मीच नको म्हटलं. माझी गाडी मी मोहनशिवाय कुणाला देत नव्हते. मीच यांना सांगितलं, जावयांना म्हणा, तुम्ही मागे बसा. बोलणी खायला ते, गाडी माझी."

तेवीस वर्षं ज्या माणसावर विश्वनाथरावांनी डूख धरला होता, तो माणूस मांडीवर बॅग घेऊन मागच्या सीटवर त्यांच्यासारखाच बसलेला त्यांना दिसला. दिवाळीत शेजारी बसवून घेतलं होतं ते काय म्हणून, हे आत्ता कळलं. त्यांना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण आता हे ऐकायला डॉक्टर नव्हते.

एका वळणावर पद्मिनीने मान वळवून मागे पाहिलं.

"ही बघा," प्रभावतीबाई म्हणाल्या, "ही माझी सवय. मिरजेत कुठल्या सायकली अडवत होत्या मला? मी मागे वळून बघायची, हे घाबरले नाहीत ना ते बघायला. घाबरलेलेच असायचे. पण बघितलं की बरं वाटायचं त्यांना."

दुसऱ्या दिवसापासून प्रभावतीबाईंनी जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या हॉलमध्ये पुढेमागे मांडल्या. पुढच्या खुर्चीवर जावई, हातात पोळीचं ताट धरून. मागच्या खुर्चीवर स्वतः सासूबाई.

"डावीकडे वळा."

विश्वनाथराव ताट फिरवीत.

"मी दिसले का?"

"आई, तुम्ही मागे आहात हे मला माहीत आहे."

"माहीत असून काय उपयोग? बघितलं पाहिजे. पुन्हा."

चैत्रालीने याचा व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवला. त्यावर काय उत्तरं आली, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पद्मिनी स्वयंपाकघरात जाऊन हसून येई. विश्वनाथराव तीन आठवडे रोज संध्याकाळी अर्धा तास सासूबाईंकडे मान वळवत राहिले, आणि कावासाकीहून येताना लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्याही वळवू लागले, त्यामुळे शेजारचे प्रवासी थोडे लांब सरकून उभे राहत.

सातवी परीक्षा प्रभावतीबाई परत जायच्या आदल्या दिवशी होती. परीक्षक तोच, पाटी तीच. डावं वळण आलं. विश्वनाथरावांनी आरसा बघितला, मग मान वळवली. मागची सीट रिकामी होती. तरी त्यांनी ती नीट बघितली, थोडी जास्तच वेळ, आणि चाक दगडापासून लांब ठेवलं.

परीक्षकाने पाटीवर काहीतरी लिहिलं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रेघ उमटली. "गोकाकु देसु," तो म्हणाला. पास.

घरी आल्यावर विश्वनाथरावांनी लायसन्स टेबलावर ठेवलं आणि इतिहास सांगितला नाही. चैत्रालीला काळजी वाटून तिने विचारलं, "बाबा, बरं आहे ना?" मराठीत विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान चढलं. पद्मिनीने किल्ली त्यांच्या हातात दिली. ते गाडीकडे गेले, महिनाभराच्या सवयीने मागचं दार उघडलं आणि आत बसून पट्टा बांधायला लागले.

प्रभावतीबाई दारात उभ्या होत्या. पदर सावरून त्यांनी वाकून आत बघितलं.

"विश्वनाथराव, ही माझी जागा. तुम्ही पुढे बसा."

ते उतरले. डावीकडचं पुढचं दार पहिल्याच खेपेला बरोबर उघडलं. पद्मिनी शेजारी बसली, मागे आजी आणि नात. सात सेंटिमीटर राखलेली गाडी जागेतून हळूच बाहेर आली आणि इमारतीच्या फाटकाशी पहिलं डावं वळण आलं.

विश्वनाथरावांनी मान वळवली. प्रभावतीबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, दुसरा हात दाराच्या वरच्या दांडीला.

"ठीक आहात ना, आई?"

"यांना कसं वाटत असेल, ते आज कळलं मला," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते.

"कसं वाटतं?"

"भीती वाटते. पुढे बघा."