चूळ भरण्यापुरतं पाणी

"मोकळ्या खोल्यांमधले नळ दर आठवड्याला सोडता ना?" पाण्याचे नमुने न्यायला आलेल्या तपासनीस बाईंनी विचारलं.

"प्रश्नच नाही," वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक म्हणाले. "आमचे टाकीवाले म्हणजे घड्याळ आहे घड्याळ. काय हो?"

टाकीवाले त्या रिकाम्या खोलीतल्या शॉवरच्या जाळीवरचा पांढरा थर नखानं खरवडत राहिले. गच्चीवरच्या टाकीपासून तळघरातल्या बॉयलरपर्यंत इमारतीतलं सगळं पाणी त्यांच्या हाताखालून जाई, म्हणून हे नाव. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कामाला यायचं.

शेजारच्या खोलीतल्या मास्तरीणबाई इस्पितळात होत्या. आधी ताप, मग धाप, आता नाकाला ऑक्सिजनची नळी. डॉक्टरांनी निदान केलं होतं लेजिओनेलाचं. साचलेल्या कोमट पाण्यात वाढणारा जंतू. शॉवरच्या तुषारांबरोबर श्वासावाटे छातीत उतरतो. मास्तरीणबाईंच्या शॉवरला पाणी देणारा पाइप पुढे याच रिकाम्या खोलीत येऊन संपत होता.

"सोडता म्हणजे किती वेळ?" तपासनीस बाईंनी पुन्हा विचारलं.

नियम टाकीवाल्यांना पाठ होता. गरम नळ हाताला चटका बसेपर्यंत सोडायचा, नंतरही बराच वेळ वाहू द्यायचा, मग थंड. पण त्यांच्या लहानपणी घरात पाणी यायचं ते आईच्या डोक्यावरून. एकदा त्यांच्या हातून भरलेला तांब्या कलंडला, तेव्हा आईनं पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसली. चांगलं पाणी गटारात सोडून नुसतं बघत उभं राहणं त्यांना जमायचं नाही.

"चूळ भरण्यापुरता," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पाणी येतंय एवढं बघतो आणि बंद करतो, मॅडम. वाया जातं हो."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. पाणी वाचवतात म्हणून त्यांनीच टाकीवाल्यांची सगळ्यांदेखत पाठ थोपटली होती. "अहो, तसं सांगायचं तरी!" एवढंच ते पुटपुटले. चार शिव्या घातल्या असत्या तर टाकीवाल्यांना बरं वाटलं असतं.

नमुन्यांत जंतू सापडला. बॉयलरचं तापमान वाढवलं, पाइप उकळत्या पाण्यानं धुतले, शॉवरच्या जाळ्या बदलल्या. "मास्तरीणबाईंना जुना पाइप खराब होता एवढंच सांगायचं," व्यवस्थापकांनी बजावलं.

टाकीवाले मात्र सगळं सांगायचं ठरवूनच इस्पितळात गेले. खाटेशी जाऊन उभे राहिले.

"बरं झालं आलात," मास्तरीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "तो नळ बघा. सकाळपासून गळतोय. सिस्टर, शिका यांच्याकडून. थेंब वाया जाऊ देत नाही हा माणूस."

"असे आमच्याकडे पाठवा की एखादे," सिस्टर हसत म्हणाली.

टाकीवाल्यांनी नळ आवळला. मग काही न बोलता घरी आले.

मास्तरीणबाई परतल्या तेव्हा अर्ध्या झाल्या होत्या. आवाज तेवढा शाबूत होता. टाकीवाले रिकाम्या खोलीतल्या बेसिनचा गरम नळ सोडून उभे होते, तेव्हा भिंतीपलीकडून तो आला.

"अरे, नळ उघडा राहिलाय कुणाचा!"

मागोमाग काठी टेकत त्या दारात आल्या. नळ धो धो वाहत होता. "तुम्ही? आणि उभं राहून बघताय?"

"नियम आहे, बाई."

"नियम गेला खड्ड्यात. त्या सिस्टरला मी तुमचं उदाहरण दिलं होतं." त्यांना धाप लागली. चौकट धरून त्या थांबल्या.

टाकीवाल्यांनी घाईनं स्टूल पुढे केलं. "बसा, बाई. मी तुम्हाला…"

"नको. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

काठीचा आवाज लांब गेला. शेजारचं दार लागलं.

टाकीवाले पुन्हा बेसिनपाशी आले. सवयीनं हात नळाच्या चावीकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला आणि धारेखाली धरला. पाणी अजून कोमटच होतं. ते तापत गेलं, चटका बसला तरी त्यांनी हात काढला नाही.